टेक्ससच्या कोर्टात राजांगण

प्रश्न : लेकीकडे डॅलसला गेलेलो, तेव्हा जावयाने वॅक्सहॅची नावाच्या गावात नेलं. गाव म्हणजे आपल्या फोंड्याएवढं, नि मधोमध लाल दगडाचं कोर्ट, मला तर आधी किल्लाच वाटला. एवढ्याशा गावाला एवढं कोर्ट कशाला? आणि खांबांवर ते वेडेवाकडे चेहरे कुणाचे? जावई काहीतरी प्रेमप्रकरण सांगत होता.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : नुसतं कोर्ट नव्हे हो ते. ती एलिस काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कचेरी, म्हणजे पूर्वी आपलं मामलेदार ऑफिस, सब-रजिस्ट्रार, लग्नाची नोंद नि कोर्ट सगळं एका छपराखाली असायचं. टेक्ससमध्ये अशा २५४ काउंट्या. गंमत म्हणजे तिथे काउंटीचा कारभार बघणाऱ्या मंडळालाच 'कमिशनर्स कोर्ट' म्हणतात आणि त्याचा प्रमुख 'काउंटी जज', तो वकील असलाच पाहिजे असं नाही. आपले गोव्यातले मामलेदार नाही का मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या, केसी ऐकत, तसंच काहीसं. आणि पैसा होता, त्या काळी कापसाचा मोठा मुलूख तो.

इमारत १८९५ ते १८९७ मधली, आर्किटेक्ट जेम्स रायली गॉर्डन. लाल वालुकाश्म, गुलाबी ग्रॅनाइट, वर घड्याळाचा टॉवर, पण मला आवडते ती त्याची हवेची युक्ती. एसी-बिसी नव्हतेच तेव्हा नि उन्हाळा कसला ते तुम्ही बघून आलात, म्हणून दारं चार कोपऱ्यांत सावलीच्या पोर्चमधून, नि मधे जिन्याभोवती मोकळी जागा थेट टॉवरकडे, गरम हवा वर निघून जाते आणि खालून थंड आत ओढली जाते. आपल्या जुन्या घरांतलं राजांगण, म्हणजे मधलं उघडं अंगण, दुसरं काय करतं? फक्त आपल्याकडे पाऊस आत पडतो, नि तुळस असते.

चेहऱ्यांचं म्हणाल तर गावात सांगतात की कोरणारा कारागीर जिथे राहायचा त्या घरातल्या मुलीवर त्याचं मन बसलं, आधी तिचा चेहरा सुंदर कोरला, तिने नाही म्हटल्यावर पुढच्या प्रत्येक खांबावर तो भयंकर होत गेला. जावयाने सांगितलेलं प्रेमप्रकरण बहुतेक हेच असणार, पण दंतकथाच समजा. तसले विचित्र चेहरे कोरायची त्या काळच्या दगडकामात फॅशनच होती.

परत गेलात तर टेक्ससमधल्याच डिकेटर गावालाही जा, तिथलं १८९६ चं वाइज काउंटीचं कोर्ट याच गॉर्डनचं, जुळं भावंडच म्हणा. आणि यावेळी आत शिरून मान वर करून बघा.