वाचकांचे प्रश्न : तिकीट काढून गेलेला अंतराळवीर?

प्रश्न : शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये ज्या मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर गेले, ती एका खासगी कंपनीची होती आणि त्यासाठी भारताने सुमारे ५५० कोटी रुपये मोजले, असे वाचले. मग त्यांना अंतराळवीर म्हणावे की तिकीट काढून गेलेले प्रवासी? – नाशिकहून एक वाचक

उत्तर : अंतराळवीरच म्हणावे, आणि ते निःसंकोचपणे. ‘खासगी’ हा शब्द या मोहिमेत यान कोणाच्या मालकीचे आणि व्यवस्था कोणाची एवढेच सांगतो; यानात बसलेल्या माणसाच्या योग्यतेविषयी तो काहीच सांगत नाही. फाल्कन-९ हा प्रक्षेपक आणि ‘ग्रेस’ हे ड्रॅगन यान स्पेसएक्सचे, मुक्कामाची जागा नासा आणि तिच्या भागीदार देशांच्या स्थानकातली, तर प्रशिक्षणापासून परतीपर्यंतची सारी जुळवाजुळव ह्यूस्टनच्या अ‍ॅक्सिऑम स्पेस या कंपनीची. ही तिची चौथी मोहीम. २०२२ मधल्या पहिल्या मोहिमेत कमांडर वगळता तिघे जण स्वखर्चाने गेले होते. चौथ्या मोहिमेत मात्र भारत, पोलंड आणि हंगेरी या देशांनी आपापले अंतराळवीर पाठवले होते. २००१ मध्ये सोयूझ या रशियन यानातून गेलेले अमेरिकी उद्योजक डेनिस टिटो हे स्वतःच्या पैशाने अंतराळस्थानकावर गेलेले पहिले पर्यटक. शुक्ला यांची गोष्ट त्यांच्यापेक्षा अगदी निराळी आहे. ते वायुदलातले चाचणी वैमानिक, गगनयान या भारताच्या स्वतःच्या मानवी अंतराळ मोहिमेसाठी निवडलेल्या चौघांपैकी एक, आणि या उड्डाणात पायलट म्हणून कमांडर पेगी व्हिट्सन यांच्या शेजारी बसलेले. ड्रॅगन स्थानकाला आपोआप जोडले जाते हे खरे. पण पडद्यावरचा प्रत्येक आकडा पाहत राहणे आणि वेळ पडल्यास यान हाती घेणे, ही जबाबदारी त्या दोन आसनांवरच्या माणसांची असते. खासगी मोहिमेचे नेतृत्वही अनुभवी माजी अंतराळवीराकडेच असावे, असा नासाचा नियम आहे.

प्रश्न : उड्डाण इतक्या वेळा पुढे का ढकलले गेले? कंपनीची तयारी अपुरी होती का? – कोल्हापूरहून एक वाचक

उत्तर : कारणे वेगवेगळी होती. १० जूनचा मुहूर्त हवामानामुळे हुकला. ११ जूनचे उड्डाण थांबले ते प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्यात द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळल्यामुळे. इंजिने जमिनीवरच काही क्षण पेटवून घेतलेल्या चाचणीनंतरच्या तपासणीत ती लक्षात आली होती. ती दुरुस्त होईपर्यंत उड्डाण न करणे हाच एकमेव योग्य निर्णय होता.

त्यानंतरचे कारण अधिक विचार करायला लावणारे आहे. स्थानकाच्या रशियन भागात झ्वेझ्दा नावाचा कक्ष आहे आणि त्याच्या टोकाच्या बोगद्यातून काही वर्षांपासून थोडी थोडी हवा बाहेर जात होती. जूनमधल्या दुरुस्तीनंतर तिथला दाब स्थिर राहू लागला. वरवर पाहता ही आनंदाचीच बातमी. पण दाब स्थिर राहण्याचे दोन अर्थ निघत होते. एक तर भेगा खरोखरच बुजल्या असाव्यात, नाहीतर स्थानकाच्या मुख्य भागातली हवा बोगद्याच्या बंद दाराच्या कडेने हळूहळू बोगद्यात शिरून बाहेर जाणाऱ्या हवेची जागा भरून काढत असावी. याचा उलगडा करण्यासाठी वेळ हवा होता, आणि आणखी चार माणसे तिथे पाठवण्याआधी तो घेतला गेला. चांगल्या दिसणाऱ्या आकड्यावरही अशी शंका घेणाऱ्यांच्या भरवशावरच माणसाला अंतराळात पाठवता येते, असे मला मनापासून वाटते. अखेर २५ जूनला भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून १ मिनिटाने केनेडी अंतराळ केंद्रावरून उड्डाण झाले आणि सुमारे २८ तासांनी यान स्थानकाला जोडले गेले.

प्रश्न : एवढ्या खर्चातून भारताच्या पदरात काय पडले? – पुण्याहून एक वाचक

उत्तर : राकेश शर्मा १९८४ मध्ये सोव्हिएत सॅल्यूत-७ स्थानकावर गेले, त्यानंतर ४१ वर्षे एकही भारतीय नागरिक पृथ्वीच्या कक्षेत गेला नव्हता. गगनयानाची तयारी करणाऱ्या इस्रोकडे प्रक्षेपकांचा अनुभव दांडगा आहे. माणसाला कक्षेत नेऊन आणण्याचा नाही. उड्डाणाआधीचे विलगीकरण, वैद्यकीय तपासण्या, यानातली दिनचर्या, १५ जुलैला सॅन दिएगोजवळ समुद्रात उतरल्यानंतर गुरुत्वाकर्षणाशी पुन्हा जुळवून घेणे, या गोष्टी अहवाल वाचून पुरत्या उमगत नाहीत. आता त्यातून स्वतः गेलेला माणूस गगनयानाच्या चमूतच आहे. माझ्या मते या खर्चाचे मोल प्रामुख्याने इथे आहे.

शिवाय भारतीय संशोधकांचे सात प्रयोग या मोहिमेत होते. स्नायूंच्या वाढीवरचा एक होता, सूक्ष्म शैवालांवरचा एक होता. आणि आपल्या स्वयंपाकघराशी थेट नाते सांगणारा प्रयोग धारवाडचा होता. त्यात मूग आणि मेथी यांना स्थानकावर मोड आणले गेले. मोड यायला माती लागत नाही, दिवसही थोडे लागतात आणि ताजे अन्न मिळते, म्हणून दूरच्या प्रवासासाठी ते सोयीचे ठरू शकतात. अंतराळात जाऊन आलेले हे बी पृथ्वीवर पिढ्यान्‌पिढ्या पेरून त्यांच्या जनुकांत, त्यांच्यावरच्या सूक्ष्मजीवांत आणि पोषणमूल्यांत काय फरक पडतो, हे पाहण्याचा भाग त्या प्रयोगात पुढचा आहे.