चिठ्ठी, अंगठा आणि संमतीपत्र

नव्यानेच ट्रायलवर, म्हणजे औषधाच्या चाचणीवर, रुजू झालायस, म्हणून सांगते. पेशंटच्या तोंडावर 'रँडमायझेशन' फेकून मोकळा होऊ नकोस. मी सरळ म्हणते, "काका, कुठलं औषध मिळणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, कॉम्प्युटर चिठ्ठी काढतो." मग हमखास प्रश्न येतो, "म्हणजे आमच्यावर प्रयोग?" हो म्हणायचं. लपवलंस की विश्वास गेलाच.

चिठ्ठी कशाला, असं विचारलं तर ऑक्सफर्ड विद्यापीठाची 'रिकव्हरी' ट्रायल सांग. २०२० साली कोविडसाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा केवढा गाजावाजा होता! चिठ्ठीने पाडलेले दोन गट, औषध दिलेला आणि न दिलेला, ताडून पाहिले, तर मृत्यू काही कमी झाले नाहीत. उलट डेक्सामेथासोन, आपलं जुनं स्वस्त स्टेरॉइड, रोज ६ मिलिग्रॅम. त्याने व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा नाही.

संमतीपत्र घरी न्यायला दे. एका आजींनी काही न ऐकताच अंगठा पुढे केला होता. मी शाईचं पॅड मिटलं, लेकाला घेऊन उद्या या म्हटलं. अंगठा असेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदारही लागतो, विसरू नकोस. आणि मध्येच सोडता येतं, नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हे दोनदा सांग. पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही.