तीन वर्षांच्या मुलीला घेऊन मोठ्या शहरात फुकटात दिवस कुठे घालवता येईल?

आधी ‘अख्खा दिवस’ हे डोक्यातून काढा. या वयात दोन-अडीच तास खूप झाले, त्यानंतर झोप नाहीतर रडारड. सकाळी लवकर निघा आणि ठिकाण एकच ठरवा.

आमच्याकडे सगळ्यात हिट ठरलं ते चालू असलेलं बांधकाम! कुंपणाबाहेर, सुरक्षित अंतरावर उभं राहायचं. जेसीबी जमिनीत दात रोवतो, माती उचलतो, ट्रकमध्ये ओततो, की पुन्हा पहिल्यापासून. आमचं पोर पाऊण तास जागचं हललं नाही, पाय माझेच दुखले. रेल्वेरुळांवरचा पादचारी पूलही असाच, फक्त हात घट्ट धरा.

बऱ्याच संग्रहालयांत आठवड्यातून किंवा महिन्यातून एखादा दिवस प्रवेश मोफत असतो. त्यांच्या संकेतस्थळावर बघून जा. पण सगळी दालनं दाखवायचा हट्ट नको. प्राण्यांचं एक दालन बघायचं आणि सरळ बाहेर पडायचं. तिकीटच काढलेलं नसतं, त्यामुळे पैसे वसूल करायचं दडपण नाही.

पाऊस असेल तर सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग. बागेत गेलात तर हातात एक रिकामी पिशवी द्या. पानं, काटक्या, खडे गोळा करण्यात घसरगुंडी विसरली जाते.

खिसा रिकामा होतो तो खाण्यावर आणि खेळण्यांवर. डबा, पाणी, कपड्यांचा एक जोड सोबत ठेवा. स्वच्छतागृह कुठे आहे ते पोचल्या पोचल्या बघून ठेवा. आणि संग्रहालयातून बाहेर पडायची वाट खेळण्यांच्या दुकानातून जात नाही ना, तेही!