रक्तदाबाच्या पहिल्या आकड्यानंतर

फोंडा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रक्तदान शिबिरात तुझा रक्तदाब १५२/९६ निघाला आणि तुला रक्त न घेता परत पाठवले, हे सांगून झाल्यावर तू लगेच म्हणालास, "पण मला काहीच होत नाही." फार्मसीच्या काउंटरमागे तीस वर्षे उभे राहून मी हेच वाक्य सर्वांत अधिक ऐकले आहे, आणि मला भीतीही त्याचीच वाटते. डोके दुखले किंवा चक्कर आली की दाब वाढला, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रत्यक्षात हृदय, मूत्रपिंडे आणि डोळ्यांचा पडदा यांची हानी होत असतानाही माणूस वेर्ण्याच्या कारखान्यातली रात्रपाळी करून घरी येतो, जेवतो आणि स्वस्थ झोपतो.

तरीही एका आकड्यावरून आजार ठरत नाही. दंडाला पट्टा बांधायचे यंत्र आण, मनगटाचे नको, आणि पट्टा दंडाच्या घेराचा आहे ना ते पाहून घे. किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणाऱ्या, जाड दंडाच्या एका मच्छीमाराला लहान पट्ट्यावर नेहमी आकडा फुगून येत असे. मोठा पट्टा बांधल्यावर तो बराच उतरला. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा आणि सिगारेट वर्ज्य कर, लघवीला जाऊन ये, मग पाठ टेकून व दोन्ही पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे न बोलता बस, आणि पट्टा छातीच्या पातळीला येईल असा हात टेबलावर ठेव. सकाळ-संध्याकाळ, मिनिटभराच्या अंतराने दोन-दोन नोंदी, असे सात दिवस वहीत लिही आणि पहिल्या दिवसाचे आकडे सोडून सरासरी काढ. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. तुझ्या वयात मूत्रपिंड किंवा ग्रंथींचा दोष तर नाही ना, हे ते रक्त-लघवीच्या तपासणीतून पाहतील. पाठदुखीसाठी तू घेतोस त्या गोळ्यांचे नाव त्यांना आवर्जून सांग. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांनीही दाब चढतो.

मिठाविषयी मात्र मला सविस्तर लिहावेसे वाटते. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, पडणारे मीठही आले. आपल्या घरात पावसाळ्याचे पुरुमेंत, म्हणजे साठवणीचे जिन्नस, भरले की खारे बांगडे, चेपणीची तोरे (मिठात मुरवलेल्या कैऱ्या) आणि लोणच्याच्या बरण्या ओळीने लागतात, आणि उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर त्यातले काहीतरी रोज पानात येते. तुझ्या आईने खारा बांगडा भिजत घातला की ते पाणी एकदा जिभेला लावून पाहा, म्हणजे भाजीतले मीठ मोजण्यात काय उणीव राहते ते तुला कळेल. शरीरात साचलेले मीठ पाणी धरून ठेवते, त्यामुळे वाहिन्यांतील रक्ताचे आकारमान वाढते आणि दाब चढतो. खारे पूर्ण सोड असे मी म्हणत नाही. रोजचे ते महिन्यातून एकदा-दोनदा कर. दारू कमी करणे, वजन उतरवणे आणि आठवड्यात दीडशे मिनिटे झपाझप चालणे यांचा उपयोग तुला ठाऊकच आहे.

गोळी सुरू झालीच तर ती आपल्या मनाने थांबवू नकोस. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, रामिप्रिलने कोरडा खोकला येतो; असे काही झाले तर डॉक्टर गोळी बदलून देतात. माझ्या थोरल्या भावाने वरचा आकडा १२४ आला म्हणून गोळी बंद केली, आणि तो आकडा गोळीमुळेच आला होता. चार महिन्यांनी चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपतीवरची फळांची माटोळी बांधताना त्याच्या हातातून सुपारीचा घड निसटला. तो उचलायला वाकला तेव्हा उजवा हात हलेनासा झाला होता. अजूनही तो डाव्या हाताने जेवतो.

आकडा १८०/१२० च्या पुढे जाऊन छातीत दुखले, दम लागला, बोलणे अडखळले किंवा हातपाय लुळे पडले, तर दुसऱ्या मोजणीची वाट न पाहता १०८ ला फोन कर. एरवी सात दिवसांची वही घेऊन रविवारी सकाळी माझ्याकडे ये, आणि यंत्रही आण, म्हणजे पट्टा तुझ्या दंडाला बसतो का ते मला पाहता येईल.

तुझा,
काका