सोलापुरात आमच्या चादरीच्या दुकानासाठी पायथॉनमध्ये बिलाचा प्रोग्रॅम लिहिलाय. तो चालवला की 'पायकॅश' नावाचा फोल्डर आपोआप तयार होतो. डिलीट केला तर चालेल का?

हो, बिनधास्त करा. पायथॉन तो पुन्हा बनवेल. बिलाच्या फाइलमध्ये तुम्ही दरांची वेगळी फाइल इम्पोर्ट करत असणार, तिचा बाइटकोड (पायथॉनने तिचे केलेले बारीक आदेश) तिथे साठतो. (मुख्य फाइलचा साठत नाही, तो दर वेळी नव्याने बनतो.) पायथॉन तुमचा कोड जसाच्या तसा चालवत नाही, आधी त्याचे बारीक आदेश करतो. 'दर गुणिले नग' म्हणजे: दर स्टॅकवर (एकावर एक रचलेल्या आकड्यांच्या चळतीवर) ठेव, नग ठेव, दोन्ही उचलून गुण, उत्तर परत ठेव. मग सी भाषेत लिहिलेला एक लूप ते एकेक करून चालवतो. सीपायथॉनचा (म्हणजे नेहमीच्या, सी भाषेत लिहिलेल्या पायथॉनचा) सोर्स खुला आहे, हा लूप त्यात वाचता येतो. एवढा खटाटोप नको असेल तर पायथॉनसोबतच येणाऱ्या 'डिस' मॉड्यूलला तुमचं फंक्शन द्या, आदेशांची यादीच समोर येते. चादरीचे दर बदलले तरी बिलात जुनेच येतील ही भीती नको: मूळ फाइलची सेव्ह केल्याची वेळ किंवा आकार जुळला नाही की बाइटकोड नवा बनतो. फक्त कुणी मूळ फाइल न देता नुसती 'डॉट पायसी' (बाइटकोडची) फाइल हातात टेकवली असेल, तर ती डिलीट करू नका, मूळ फाइलशिवाय ती पुन्हा बनणार नाही.