नुसतं ऐकून आजूबाजूच्या आवाजांचा अभ्यास होतो का, की डेसिबल मोजणारं अ‍ॅपच लागतं?

होतो की! अ‍ॅप नंतर उघडा, आधी कान द्या. अ‍ॅप 60 दाखवेल पण ते 60 मिक्सरचे की पावसाचे हे त्याला कळत नाही. सोसायटीतल्या स्पीकरची तक्रार करायची असेल तर मोजायलाच लागतं, 2000 सालच्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, पण तो वेगळा विषय.

कॅनडात मरे शेफर नावाचे संगीतकार होते, त्यांनी आणि सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या आसपास ऐकण्यालाच अभ्यासाची पद्धत बनवलं. त्यांचा एक शब्द मला फार कामाचा वाटतो, कीनोट, म्हणजे सतत मागे चालू असलेला आणि म्हणूनच लक्षात न येणारा आवाज, आपल्या तंबोऱ्यासारखा.

मी डोंबिवलीत राहते, रोज पहाटे साडेपाचला गॅलरीत 10 मिनिटं डोळे मिटून बसते आणि मग वहीत लिहिते. पहिले आठ दिवस वहीत नुसतं "गाड्या, पक्षी, कुकर". मग एकदा लाईट गेली आणि एकदम कानावरचं ओझं उतरल्यासारखं झालं, तेव्हा कळलं की घरात फ्रीजची आणि खाली पंपाची घरघर कायम चालूच असते. डिसेंबरात लोकलचा खडखडाट इतका स्पष्ट यायचा की गाडी सांधा बदलतेय हेसुद्धा कळायचं, दुपारी मात्र तीच लाईन गप्प. मला वाटायचं पहाटे ट्रॅफिक नसतं म्हणून, पण रविवारी दुपारी रस्ता सामसूम असतानाही तेच! मग वाचून कळलं, थंडीत रात्रभर जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून परत खाली येतो आणि लांबवर पोचतो, दुपारी जमीन तापली की तो वरच निघून जातो.

तुम्हीही एकच जागा आणि एकच वेळ धरा, सगळ्यात लांबचा आवाज आधी शोधा, आणि प्रत्येक आवाजाला विचारा की हा कोणासाठी आहे. आमच्याकडे भंगारवाल्याची हाक हल्ली स्पीकरवरून रेकॉर्ड केलेली येते. पूर्वी तो दोन हाकांच्या मध्ये थांबायचा, कोणी वरून "ओ, थांबा" म्हणतंय का ऐकायला, आता रेकॉर्ड थांबतच नाही आणि चौथ्या मजल्यावरून हाक मारली तरी तो तसाच पुढे निघून जातो.