कॉपी लावली की मशीन बसतं

प्रश्न : पंचवटीत माझा लग्नाच्या शूटिंगचा छोटा स्टुडिओ आहे. सीपीयूत २ टीबीची एकच हार्ड डिस्क, विंडोज १० आणि सगळं फुटेज तिच्यावरच. एरवी दिवसभर काही त्रास नाही. पण ६४ जीबीचं कार्ड ओतायला घेतलं की दहा मिनिटांत मशीन अडकतं आणि निळी स्क्रीन येते, ‘कर्नल डेटा इनपेज एरर’. दुकानदाराने दोनदा फॉरमॅट मारून दिला, तरी तेच. डिस्क गेली का?

उत्तर : दादा, तिसरा फॉरमॅट मारू देऊ नका. विंडोजने स्वतःचाच डिस्कवर ठेवलेला डेटा परत मागितला आणि तो मिळाला नाही, एवढंच ती स्क्रीन सांगतेय. दोष डिस्कचा असेल, केबलचा असेल, क्वचित रॅमचा. दोन फॉरमॅटनंतरही तेच होतंय म्हटल्यावर विंडोजला कशाला धुवायचं?

ज्यांचे अल्बम द्यायचे बाकी आहेत त्यांचं फुटेज आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या, थोडं थोडं करून. तोवर ‘चेकडिस्क’ला (विंडोजची डिस्क तपासायची सोय) हात लावू नका, डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल तर तेवढ्या रगड्याने ती जायची.

मग ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ टाका, डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. त्यात दोनच ओळी बघा. सी५ म्हणजे वाचता न आलेले, लटकलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. तिथे शून्य नसेल तर डिस्क बदला. सी७ म्हणजे केबलवरून जाता-येता बिघडलेला डेटा. हा आकडा कधी खाली येत नाही, म्हणून नुसता मोठा दिसला म्हणून घाबरू नका. कागदावर लिहून ठेवा, कार्ड ओता, परत बघा. वाढला, तर संशय केबलवर. (आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत दिसतात, १० दिसलं तर ते सोळा समजा.)

सिडकोतल्या एका फ्लेक्सवाल्याच्या मशीनवर मी दोन दिवस रॅम बदलत बसलो होतो. शेवटी झाकण काढलं तेव्हा दिसलं, साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) डिस्कच्या तोंडाशी काटकोनात मुडपलेली. झाकण लावलं की ती दाबली जायची. हलक्या कामात चुकलेला डेटा पुन्हा मागवून निभायचं. मोठी कॉपी लागली की चुका साचायच्या आणि डिस्क क्षणभर गायबच व्हायची. शे-दीडशेच्या केबलने काम झालं. तेव्हापासून मी आधी झाकण काढतो, मग डोकं चालवतो.

दोन्ही आकडे हलले नाहीत तर रॅम तपासणारं ‘मेमटेस्ट’ रात्रभर लावा. कॉपीच्या वेळी विंडोज मोकळी रॅमही वापरायला घेतं, मग एरवी न लागणारा खराब कोपरा नेमका तेव्हाच लागतो. आणि निळी स्क्रीन न येता मशीन पटकन बंदच पडू लागलं, तर पॉवर सप्लाय बदलून बघा.

केबल टाकताना मदरबोर्डवरचं पोर्टही बदला. सी७चे आधीचे-नंतरचे दोन्ही आकडे मला कळवा.